न विचारता सेव्ह झालेला जून

आज सकाळी लॅपटॉप उघडला आणि उजव्या कोपऱ्यातून एक निळी पट्टी हळूच वर आली. नवी आवृत्ती तयार आहे म्हणाली. आत्ता घेता की नंतर? एखादा पाहुणा दारात "येऊ का?" म्हणून विचारतो आणि विचारता विचारताच चपला काढतो, तसा तिचा थाट. मी "नंतर" दाबलं आणि मान वर करून पाहिलं. कुंपणाशी जांभळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. प्लास्टिकच्या नव्याकोऱ्या फाइली छातीशी धरून आईबापांची रांग लागली होती. म्हणजे दोन्ही एकदमच आले, निळी पट्टी आणि दाखल्यांचा मोसम. दोन वर्षांपूर्वीही असेच हातात हात घालून आले होते.

मी टायपिस्ट. राहायला डोंबिवलीत, पोटाला कल्याणात. सकाळी स्कूटर काढायची, पत्री पूल ओलांडायचा आणि तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली येऊन बसायचं. शेडखाली चार टेबलं आहेत, त्यातलं डावीकडून दुसरं माझं. काय करता असं कोणी विचारलं की मी आवाज खाली आणून सांगतो, "लोकांच्या शपथा लिहितो." समोरचा जरा दचकतो. ते दचकणं मला आवडतं. नंतर खुलासा करतो की प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, उत्पन्नाची, जातीची, नावात बदल झाल्याची, हरवलेल्या गुणपत्रिकेची.

फुलवाल्याला श्रावण तसा आम्हाला जून. दहावी-बारावीचे निकाल लागले की अख्खा तालुका एकदम खरं बोलायला निघतो. मानपाड्याचे, टिटवाळ्याचे, ठाकुर्लीचे, सगळे. मधूनच कोणी कळव्याहून किंवा दिव्याहून उन्हातून धापा टाकत येतो आणि त्याला सांगावं लागतं, "बाबा, तुझा तालुका ठाणे. मागे फिर." त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्याला आधी पाणी द्यायचं आणि मग तालुका सांगायचा, हा आमच्या शेडचा अलिखित नियम.

या मोसमाला वास असतो. प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा, स्टॅम्पपॅडच्या जांभळ्या शाईचा, डिंकाचा, आणि नव्या फाइलच्या प्लास्टिकचा. आवाजही असतो. चार कीबोर्ड एकदम चालले की पत्र्यावर कोणीतरी मूठमूठ ज्वारी टाकतंय असं वाटतं. आणि या सगळ्यात माझा सर्वांत लाडका कागद म्हणजे शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. एक वर्ष घरी बसलेला पोरगा समोर उभा राहतो, खाली मान घालून, आणि मी टाइप करतो की सदर वर्षात मी कोठेही शिक्षण घेतले नाही, नोकरी केली नाही, व माझ्याकडून कोणताही गुन्हा घडला नाही. इतकं निर्मळ वर्ष माझ्या तरी वाट्याला आलेलं नाही. मी त्या पोरांचा मनातून हेवा करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये आमच्या चारही लॅपटॉपांवर रोज एक सूचना यायची. जुन्या सिस्टीमचे दिवस भरले, आता तिला दुरुस्ती मिळणार नाही, नवी घ्या, फुकट आहे. फुकट हा शब्द वाचून माझ्यासारखा माणूस थांबतो थोडाच! शेडखाली पहिला मान मी घेतला. रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई आमचे डॉक्टर. साठी ओलांडलेले, मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे, यंत्रं बदलली तसे तेही बदलले, फक्त कानावरचा स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

तो शनिवार होता, कचेरी बंद, शेडखाली शांतता. निळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता आणि आकडे चढत होते. अकरा टक्के. बारा टक्के. आम्ही दोघं प्रसूतिगृहाबाहेर बसावं तसे बसलेलो. त्रेसष्टवर आकडा अडला तेव्हा मी उठून फेऱ्या मारायला लागलो. रफिकभाई म्हणाले, "बैठो सुधीरभाऊ, तुमच्या चालण्याने ते लवकर नाही होणार." मग पडदा काळा झाला, मग उजळला, आणि यंत्र म्हणालं, नमस्कार!

मला कोणी असं नमस्कार करत नाही. मी हुरळलो.

सुरुवातीच्या त्या दिवसांची आठवण झाली की आजही हसू येतं. डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसलेलं ते बटण आता पडद्याच्या मधोमध येऊन बसलं होतं, वरातीतल्या नवरदेवासारखं, आणि बाकीची चिन्हं करवल्यांसारखी त्याच्या दोन्ही बाजूंना. माझा हात मात्र सवयीने कोपऱ्यात जायचा आणि रिकामा परत यायचा. भाडेकरू बदलल्यावर जुन्या घराची बेल दाबावी तसं व्हायचं. सगळ्या चौकटींचे कोपरे गोल झालेले, जणू टेबलाला लहान मूल धडकेल म्हणून कोणी घासून घेतले होते. खालच्या बाजूला एक सूर्य आणि एक ढग, शेजारी तापमान. घामाच्या धारा पुसत आम्ही त्यात बघायचो आणि एकमेकांना सांगायचो, "तेहतीस आहे हं." माहीत झाल्याने घाम कमी होत नव्हता, पण घामाला अधिकृतपणा यायचा. चेहरा दाखवला की यंत्र आपोआप उघडायचं, पण मी चष्मा नाकावरून खाली सरकवला की मला ओळखायचं नाही. "कोण तुम्ही?" अशा अर्थाचं काहीतरी लिहायचं. घरी बायकोही तेच म्हणते, पण तिला निदान कारण तरी असतं.

आता सुमनताई. डावीकडून पहिलं टेबल त्यांचं, म्हणजे माझ्या शेजारचं. सुमनताई म्हात्रे, तेव्हा वय सत्तावन्न, घर मानपाड्याच्या बाजूला. सासरची शेती होती, तिथे आता इमारती आहेत. हे टेबल आधी त्यांच्या यजमानांचं, काशिनाथ म्हात्र्यांचं. आम्ही त्यांना काशिभाऊ म्हणायचो. शेडखाली पहिला संगणक त्यांनीच आणला. काशिभाऊ गेले आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी सुमनताई येऊन त्यांच्या खुर्चीत बसल्या. टायपिंग त्यांना काशिभाऊंनीच शिकवलेलं. खुर्चीत बसून त्यांना तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांचा एकही कागद कचेरीच्या खिडकीवरून चूक म्हणून परत आला नव्हता. माझे किती आले ते विचारू नका.

सुमनताईंना नवं काही नको होतं. "चालतंय ना भाऊ? मग चालत्याला हात कशाला लावायचा?"

मी मागे लागलो. माझ्यात हा दोष आहे. मला एखादी गोष्ट आवडली की ती शेजाऱ्याला आवडेपर्यंत मला झोप लागत नाही. आठ दिवस मी त्यांना गोल कोपरे दाखवले, ढग दाखवला, नवरदेव दाखवला. शेवटी एक दिवस मी चक्क प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मी, सुधीर, वय त्रेपन्न, धंदा टायपिंग, राहणार डोंबिवली पूर्व, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की नवीन सिस्टीममुळे श्रीमती सुमनताईंच्या एकाही कागदास धक्का लागणार नाही. लागल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन. खाली सही केली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या टेबलावर ठेवलं.

सुमनताईंनी ते वाचलं. त्या कुठलाही कागद वाचतात तसं, पेन ओळीखाली सरकवत, शेवटपर्यंत. मग हसल्या. "काय नाटकी माणूस आहे हा," असं रफिकभाईंना म्हणाल्या आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

पुढचं समजायला आमची कामाची रीत सांगायला हवी. आम्ही कोणताच कागद पहिल्यापासून टाइप करत नाही. प्रत्येक प्रकारचं एक मूळ पान असतं. ते उघडायचं, त्यातलं नाव खोडून गिऱ्हाइकाचं नाव घालायचं, वय, पत्ता, धंदा बदलायचा, छापायचं आणि पान बंद करायचं. बंद करताना यंत्र विचारतं, बदल सेव्ह करू? आपण म्हणायचं, नको. बस्स. गिऱ्हाईक कागद घेऊन जातं आणि मूळ पान जसंच्या तसं राहतं. शाळा-कॉलेजातली मुलं हे ऐकून कपाळाला हात लावतात. पण आमच्या धंद्याचा सगळा पाया त्या एका "नको"वर उभा होता. दिवसातून चाळीस वेळा तो शब्द दाबायचा. बोट न बघता तिकडे जायचं.

नव्या सिस्टीमने आमचे कागद टेबलावरून उचलून कुठेतरी दूर नेऊन ठेवले होते, सुरक्षित राहावेत म्हणून. आणि ती विचारत नव्हती. माणसाने टाइप करावं आणि तिने त्या क्षणी सेव्ह करावं, इतकी ती गुणी. माझी स्वतःची पानं रफिकभाईंनी पहिल्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घेतलेली, मी तिथूनच उघडत होतो, त्यामुळे मला याचा पत्ताच नव्हता. सुमनताईंची पानं लॅपटॉपवरच होती.

तो सोमवार. रांग कुंपणाच्या वळणापर्यंत गेलेली. सुमनताईंच्या नव्या सिस्टीमवरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गणपतबाबा, मानपाड्याचे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात सोन्याची साखळी, एके काळी भातगिरणीचे मालक.

"बाय, नातवाचा कागद हाय. उत्पन्नाचा. वाईच लवकर कर, मना बसवत नाय."

"कंबर का बाबा?"

"कंबर नाय, सून. चार वेला फोन आयला तिचा."

सुमनताईंनी पान उघडलं, नाव बदललं, छापलं, बंद केलं. यंत्राने काही विचारलं नाही. त्यांचं बोट "नको" दाबायला पुढे गेलं ते अधांतरी राहिलं. "विचारलं नाही हो," त्या म्हणाल्या.

"शहाणं झालंय," मी माझ्या टेबलावरून म्हणालो. "तुम्ही नकोच म्हणणार हे त्याला कळून चुकलंय."

हे माझं वाक्य. ते मला अजून चावतं.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी पुन्हा तेच पान उघडलं तेव्हा त्या थोडा वेळ थांबल्या, एवढं मला दिसलं. मला वाटलं चष्मा पुसतायत. मग टाइप करायला लागल्या. रांग मोठी होती, बऱ्याच जणांची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. दुपारपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी एक बाई तरातरा खिडकीकडून परत आली. डोंबिवलीची, केसांना छान रंग लावलेला, सकाळी गणपतबाबांच्या मागे उभी असलेली. "अहो ताई, हे काय लिहिलंय? मी पार्लर चालवते! तुम्ही माझा धंदा भातगिरणी केलाय. खिडकीवरचे साहेब विचारतायत, मॅडम, कोलम काय भाव?"

सगळी शेड हसली. मी तर टेबलावर हात आपटून हसलो. सुमनताईंनी कागद हातात घेतला. एकोणीस वर्षांत परत आलेला पहिला कागद. त्या बाईला म्हणाल्या, "चुकलं माझं. बसा, दोन मिनिटं." दुरुस्त करून दिला. संध्याकाळपर्यंत अजून दोन परत आले. एकात टिटवाळ्याच्या माणसाचा पत्ता त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा, मानपाड्याचा झालेला, दुसऱ्यात पस्तिशीच्या गृहस्थांचं वय त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या आजोबांचं.

पाच वाजता रांग संपली. सुमनताईंनी लॅपटॉप बंद केला, त्यावर टॉवेल टाकला, आणि ड्रॉवरमधून माझं ते नाटकी प्रतिज्ञापत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"काय झालं ताई?"

"पान गेलं."

"कोणतं?"

"यांचं."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज असा ठेवला होता की जणू गिऱ्हाइकाला कागदपत्रांची यादी सांगतायत. उत्पन्नाचं ते मूळ पान काशिभाऊंनी स्वतः टाइप केलेलं. नमुना म्हणून त्यात नाव घातलं होतं ते स्वतःचंच. मी, श्री. काशिनाथ म्हात्रे, वय एक्केचाळीस. तेव्हा ते एक्केचाळीसचे होते. पुढच्या वर्षी गेले. सुमनताई खुर्चीत बसल्या आणि तेच पान वापरू लागल्या.

"रोज वीस वेळा त्यांचं नाव खोडायचं," सुमनताई म्हणाल्या. "आणि नको म्हटलं की परत यायचं. कुठे बाहेर जाऊन घरी आल्यासारखं. मी सत्तावन्नची झाले, ते एक्केचाळीसचेच. सवय झालेली भाऊ. आज उघडलं तर गणपतबाबा बसलेले."

मी विचारलं, "छापलेलं असेल ना एखादं? त्यांच्या नावाचं?"

"कशाला छापणार? नाव बदलल्याशिवाय ते पान कधी छापलंच नाही."

मी आपली मूर्खासारखी यंत्राची बाजू घेतली. कागद आता यंत्रात राहत नाहीत, वर असतात, आभाळात म्हणा ना, तिथून कदाचित.

"आभाळात?" सुमनताई म्हणाल्या. "मग त्यांच्याकडेच गेलं की." आणि पिशवी उचलून निघाल्या.

मंगळवारी सुमनताई आल्या नाहीत. शेजारचं टेबल टॉवेल पांघरून बसलेलं. त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली, आणि त्यातला प्रत्येक जण कागद माझ्याकडून घेऊनही परत विचारायचा, "ताई कधी येणार?" मी फोन केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तीन कागद परत आले माझे. मला त्या पानावर बोटं चालवता येत नाहीत आता. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्यासारखं होतंय. भाचा म्हणतोय, टेबल दे कुणाला तरी. बघते मी."

टेबल दे. ज्वारी टाकणाऱ्या चार हातांतला सगळ्यात सफाईदार हात थांबणार, आणि थांबवणारा मी, गोल कोपऱ्यांचा प्रचारक. मी स्वतःवर जन्मभर विनोद करत आलोय, पण त्या दिवशी एकही सुचला नाही. शेजारून आवाज येत नव्हता म्हणून माझाही वेग गेला होता. तोवर मला वाटायचं मी माझ्या तालावर टाइप करतो.

आज मागे वळून बघताना वाटतं, विसरणं ही आमच्या धंद्याची खुबी होती. दिवसभर माणसं यायची, त्यांची नावं, उत्पन्नं, दुःखं त्या पानावर उमटायची आणि "नको" म्हटलं की पुसली जायची. यंत्राला काही लक्षात ठेवायची मुभा नव्हती. नवी सिस्टीम आली ती उलट्या स्वभावाची. ती काही सोडत नाही. घरात एखादी आत्या असते बघा, तिला तुम्ही सातवीत काय बोलला होता तेही आठवतं. अशा माणसांचा त्रास होतो. पण कधीतरी त्यांच्याकडेच जावं लागतं.

हे ज्ञान मला रफिकभाईंनी दिलं. बुधवारी त्यांना धरून आणलं. त्यांनी टॉवेल काढला, स्क्रू-ड्रायव्हर कानावरून काढून परत कानावर ठेवला आणि म्हणाले, "ये सिस्टीम पुराना फेकती नहीं. जेवढ्या वेळा सेव्ह केलं तेवढ्या मागच्या प्रती ठेवते. पण गिनती के. ठरावीक. नवी आली की सर्वांत जुनी जाते."

"मग आहे की गेली?"

"सोमवारी किती कागद केले ताईंनी?"

मी बोटं मोजायला लागलो आणि थांबलो. त्या दिवशी रांग कुंपणाच्या वळणापर्यंत होती.

"उघडू?" मी विचारलं.

"तुम्ही हात नका लावू," रफिकभाई म्हणाले. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी इतक्या करड्या आवाजात कधी बोलले नव्हते. "ज्यांचं आहे त्यांना बोलवा. जे असेल ते त्यांच्यासमोर."

गुरुवारी सकाळी, कचेरी उघडायच्या आधी, सुमनताई आल्या. माझ्या फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "नक्की आहे का?" आणि मी आयुष्यात प्रथमच शपथ घ्यायचं टाळलं. "माहीत नाही," म्हणालो. बहुतेक म्हणूनच आल्या.

खुर्चीत त्या, एका बाजूला रफिकभाई, मागे मी. रफिकभाईंनी ते पान उघडलं आणि मागच्या प्रतींची यादी काढली. नावं नाहीत, नुसत्या वेळा, एकाखाली एक. वर सोमवारची संध्याकाळ, खाली सकाळ. पण सकाळ किती, ते त्या छोट्या चौकटीत दिसेना.

एकेक उघडत गेलो. आधी शेवटचं गिऱ्हाईक आलं, खडकपाड्याचे एक कंडक्टर. मग एक फर्नांडिसबाई. मग टिटवाळ्याचे गृहस्थ, आधी बरोबर पत्त्यासह आणि मागच्या प्रतीत मानपाड्याच्या पत्त्यासह. सोमवारची सगळी रांग उलट्या पावली परत येत होती. काही प्रतींमध्ये माणूस अर्धाच झालेला असायचा, नाव एकाचं, वय दुसऱ्याचं, धंदा तिसऱ्याचा. सुमनताई प्रत्येकाला ओळखत होत्या. "ह्यांची मुलगी नर्सिंगला चाललीय." "हा माणूस आधारकार्ड विसरलेला, परत ठाकुर्लीला जाऊन आला."  

दुपार संपली. सकाळ सुरू झाली. अकरा. साडेदहा. पार्लरवाल्या बाई आल्या, भातगिरणीसकट, आणि सुमनताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेव्हा नाही हसल्या, आत्ता हसल्या. आणि गणपतबाबा आले.

"यांच्या आधी काही आहे?" सुमनताईंनी विचारलं.

यादीत आता एकच ओळ उरली होती, सगळ्यात खालची. ती गणपतबाबांचीच अर्धी प्रत असू शकत होती. रफिकभाईंनी माउस त्यांच्याकडे सरकवला. सुमनताईंनी पदराला हात पुसला आणि दाबलं. गोल फिरायला लागला.  

मी, श्री. काशिनाथ म्हात्रे, वय ४१ वर्षे, धंदा टायपिंग.

वर एक चौकट आली. ही प्रत परत आणायची का? खाली दोन बटणं, होय आणि नको. सुमनताईंचं बोट सरळ "नको"कडे निघालं. एकोणीस वर्षांचं वळण, त्याला काय ठाऊक!

"ताई, होय! होय!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की कुंपणापलीकडच्या जांभळवालीनं वळून पाहिलं.

"ओरडू नका. दिसतंय मला," त्या म्हणाल्या, आणि "होय" दाबलं.

रफिकभाईंनी लगेच ती आपोआप सेव्ह व्हायची कळ बंद केली, पानाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. "अब पूछेगी," म्हणाले, "जुन्या सुनेसारखी, प्रत्येक गोष्ट विचारून करेल."

सुमनताईंनी मग एक गोष्ट केली. नाव न बदलता ते पान छापलं. प्रिंटर घरघरला, गरम कागद बाहेर आला, त्यामागून अजून एक. दोन्ही त्यांनी टेबलावर एकाशेजारी एक ठेवले, चष्मा नीट केला आणि पेन ओळीखाली धरून वाचायला लागल्या. कोणत्याही गिऱ्हाइकाचा कागद वाचतात तसं. मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मी डोळे पुसायची तयारी करून ठेवली होती, रुमाल हातात घेतलेला.

त्या शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि पेन कागदावर आपटला.

"हे बघा. दोन्ही बाजूंना समास केवढा सोडलाय! चार ओळींसाठी दुसरं पान लागतं. तेव्हाच सांगितलेलं मी, अहो, कागद वाया जातो. ऐकतील तर शपथ."

मी ते दोन कागद बघत राहिलो. माझं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र एका पानात बसतं. सगळ्यांचंच बसतं. सुमनताईंचं कायम दोन पानी येतं, आणि शेडखाली आम्ही सगळे समजून होतो की त्यांना तसंच आवडतं.

रफिकभाई पुढे वाकले. "समास कमी करून देऊ ताई? एक मिनटाचं काम आहे."

सुमनताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी स्वतःहून माउसवरचा हात काढून घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. कागद घडी करून पिशवीत ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि रांगेकडे बघून आवाज दिला, "हं, कोण आहे पहिलं? आधारकार्ड काढून ठेवा हातात."